सोलापूरच्या शशिकलाबाई

हिंदी चित्रपटातली खाष्ट जाऊ, कपटी नणंद किंवा नायिकेच्या संसारात विष कालवणारी मैत्रीण म्हटली की चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही बाईच्या डोळ्यांपुढे शशिकलाबाईंचा चेहरा उभा राहतो. ती तिरकी मान, ती वर चढलेली भुवई आणि ओठांवरचे गोड हसू! परंतु ही बाई आपल्या सोलापूरची, हे किती भगिनींना ठाऊक आहे? आमच्या गल्लीत मी विचारून पाहिले. बहुतेकींना माहीत नव्हते. एकीला माहीत होते, पण ती म्हणाली, "असेल, पण ती काय अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे? संतांवर लिही, एखाद्या समाजसेविकेवर लिही." तेव्हाच मी मनाशी ठरवले की, यंदाच्या स्मरणिकेत लिहायचे ते शशिकलाबाईंवरच.

शशिकला अनंतराव जवळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापुरात झाला. त्या वेळचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे आणि हातमागांचे गाव. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी इथे मार्शल लॉ पुकारला होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले, त्याला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. अशा तापलेल्या गावात, एका व्यापारी घरात ही मुलगी वाढत होती. घरात सहा भावंडे. खाऊनपिऊन उत्तम चाललेले. मुलीला नाचाची, गाण्याची आणि नकलांची उपजतच आवड, आणि घरच्यांनीही ती आवड मारली नाही. पाच-सहा वर्षांची असल्यापासून ती सोलापूर जिल्ह्यात ठिकठिकाणी रंगमंचावर नाचू, गाऊ आणि काम करू लागली. त्यांच्या अभिनयाची शाळा म्हणायची ती हीच. पुढे मोठमोठ्या दिग्दर्शकांपुढे त्या बिचकल्या नाहीत, याचे मूळ मला तरी आपल्या जिल्ह्यातल्या त्या गावोगावच्या मंचांवर दिसते.

इथे थोडे मागचे सांगितले पाहिजे, म्हणजे त्या काळी मुलीने तोंडाला रंग लावणे किती मोठी गोष्ट होती ते कळेल. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाने ते काम केले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढच्या कमलाबाई गोखले) या मायलेकी उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे पडद्यावर खरी बाई आली. रंगभूमीवर तर बालगंधर्वांचे नाव घरोघर होते, आणि बायकांची कामे पुरुषांनीच करायची असाच रिवाज होता. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक झाले. त्यात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्मावतीबाई वर्तक यांनी स्त्रियांची कामे केली, आणि घरंदाज बायकांना रंगभूमीची वाट मोकळी झाली. शशिकलाबाई तेव्हा पाळण्यात होत्या. त्यांच्या जन्माच्याच वर्षी, १९३२ मध्ये, 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. म्हणजे वाट नुकती पडली होती, पण तिच्यावर काटे पुष्कळ होते.

शशिकलाबाईंनी ती वाट हौसेने धरली नाही. वडिलांचा धंदा बसला. विलायतेत शिकणाऱ्या धाकट्या भावाला पैसा पुरवता पुरवता घर खचले, असे बाई पुढे सांगत असत. दिवाळे निघाल्यावर वडिलांनी मुलाबाळांसह मुंबई गाठली. सहा भावंडांत ही एक दिसायला देखणी आणि अंगी कला असलेली, तेव्हा हिला सिनेमात काम मिळेल आणि घर चालेल, असा त्यांचा हिशेब.

भगिनींनो, हा हिशेब आपल्या भागाला काही नवा नाही. आपल्या पूर्व भागात कितीतरी घरे मुलींच्या बोटांवर उभी राहिली आहेत. कोणी विड्या वळल्या, कोणी कांड्या भरल्या. मी स्वतः सातवीनंतर शाळेत गेले नाही, कारण घरात दोन हात हवे होते. त्यामुळे अकरा-बारा वर्षांच्या मुलीला बापाने कामाला लावले हे वाचून मला त्या बापाचा रागही आला आणि त्याची अडचणही कळली. आपल्याकडे मुलगी कमावते तेव्हा तिच्या कमाईचे धान्य सगळे खातात, आणि ती कशी कमावते यावर बोलतातही सगळे.

मुंबईत ओळखीच्यांकडे आश्रयाला राहायचे आणि या स्टुडिओतून त्या स्टुडिओत काम मागत हिंडायचे, असे त्यांचे दिवस गेले. मग गाठ पडली ती नूरजहाँबाईंची. त्या वेळी गाणे आणि रूप या दोन्हींत त्यांच्यासारखी नटी नव्हती. त्यांचे पती शौकत हुसेन रिझवी हे 'झीनत' नावाचा चित्रपट काढत होते. तो १९४५ साली आला. त्यात बायकांनीच म्हटलेली एक कव्वाली आहे. कव्वाली हा तोवर पुरुषांचा प्रांत, म्हणून तिचा फार गवगवा झाला. नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांचे आवाज, आणि पडद्यावर बसलेल्या मुलींत आपली शशिकला. वय बारा-तेरा. या कामाचे तिला पंचवीस रुपये मिळाले. आज पंचवीस रुपयांत चहासुद्धा जपून मागवावा लागतो, पण उपाशी घराला त्या काळी पंचवीस रुपये म्हणजे काय, हे आपल्या आजीच्या पिढीने सांगावे.

१९४७ साली नूरजहाँबाई आणि त्यांचे पती पाकिस्तानात गेले. हातचा आधार गेला. पुढची दहा-बारा वर्षे शशिकलाबाई मिळेल ते काम करत राहिल्या. व्ही. शांतारामांच्या 'तीन बत्ती चार रास्ता' (१९५३) या चित्रपटात त्या आहेत. निरनिराळ्या भाषांच्या सुना एका घरात नांदतात अशी त्याची कथा. तेलुगू, कानडी, मराठी आणि उर्दू एकाच नळावर ऐकू येणाऱ्या आपल्या भागातल्या बायकांना ती परकी वाटणार नाही. मधल्या काळात त्यांचे ओमप्रकाश सैगल यांच्याशी लग्न झाले, दोन मुली झाल्या. किशोरकुमारांबरोबर 'करोडपती' (१९६१) मध्ये त्या नायिका झाल्या, पण तो चित्रपट चालला नाही. नायिकेचे आसन त्यांना लाभले नाही ते नाहीच.

मात्र त्याआधी १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला होता, आणि माझ्या मते शशिकलाबाई समजून घ्यायच्या तर सुरुवात इथून करावी. अस्पृश्य मानलेल्या जातीची एक पोरकी मुलगी ब्राह्मणाच्या घरी वाढते, पण त्या घरची होत नाही, अशी ती कथा आहे. सुजाता झालेल्या नूतन मराठी, सांभाळणाऱ्या आईच्या कामात सुलोचनाबाई मराठी, सोवळेओवळे पाळणाऱ्या म्हाताऱ्या आत्याच्या कामात ललिताबाई पवार मराठी, आणि घरच्या सख्ख्या मुलीच्या, रमाच्या कामात आपल्या शशिकलाबाई. ही रमा खेळकर, अवखळ, आणि मनाने निर्मळ. जिच्यासाठी स्थळ पाहिले तिला सोडून तो मुलगा सुजाताला पसंत करतो, तरी रमा बहिणीचा दुस्वास करत नाही. एवढे गोड काम केलेली बाई तीन वर्षांत साऱ्या देशाची दुष्ट बाई झाली, याचे नवल वाटते.

ते घडले 'आरती'मुळे. १९६२ चा हा चित्रपट, ताराचंद बडजात्या यांच्या राजश्री संस्थेचा पहिला. मीनाकुमारी डॉक्टरीण आरती, आणि तिच्या सासरी शशिकलाबाई जाऊ. ही जाऊ आरडाओरडा फारसा करत नाही. ती गोड बोलते, हसते आणि नेमक्या वेळी नेमका शब्द टाकून बाजूला होते. घर मात्र पेटते. अशी बाई आपण प्रत्येकीने कुठे ना कुठे पाहिलेली आहे, आणि म्हणूनच ती अंगावर आली. सहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांना मिळाले. लगेच पुढच्या वर्षी बी. आर. चोप्रा यांचा 'गुमराह' (१९६३) आला. त्यातली लीला माला सिन्हाला तिच्या पूर्वीच्या प्रेमावरून धाक घालून छळते. त्यालाही तेच पारितोषिक. लागोपाठ दोन वर्षे!

मग काय, तसल्याच कामांची रीघ लागली. 'नीलकमल' (१९६८) मध्ये तर सासू ललिताबाई पवार आणि नणंद शशिकलाबाई. वहिदा रेहमानची काय दशा झाली असेल ते सांगायलाच नको. येवल्याची एक आणि सोलापूरची एक, या दोन मराठी बायकांनी मिळून हिंदुस्थानातल्या सुनांना किती रडवले! ललिताबाईंचा तर १९४२ साली चित्रीकरणात थप्पड बसून एक डोळा अधू झाला. तोच डोळा बारीक करून त्यांनी पुढे सासवा रंगवल्या.

दूरदर्शनवर रविवारी चित्रपट लागे तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंकडे आम्ही सगळ्या बायका-मुली दाटीवाटीने बसायचो. शशिकला दिसली की एक आजी बोटे मोडायच्या, "मेली आली बघ आग लावायला!" त्या आजी स्वतः घरात सुनेशी कशा वागत ते साऱ्या गल्लीला ठाऊक होते, पण ते असो. मला लहानपणीही वाटे की, नायिका नुसती रडते आणि ही बाई बोलते. त्या वेळच्या चित्रपटात चांगल्या बाईने मान खाली घालायची आणि सोसायचे. ज्या बाईला डोके चालवायचे, मोटार हाकायची, पुरुषाला उलट उत्तर द्यायचे, तिला लेखक वाईटच करून टाकी. शशिकलाबाईंनी त्या वाईट ठरवलेल्या बाईत जीव ओतला. कामात खोट ठेवली नाही.

तसे त्यांच्या हाताला चांगले कामही लागले. हृषिकेश मुखर्जींच्या 'अनुपमा' (१९६६) मध्ये शर्मिला टागोर जवळजवळ मुकी वाटावी इतकी अबोल, आणि शशिकलाबाई तिची बडबडी, हसरी मैत्रीण. त्यांच्या येण्याने ते उदास घर खुलते. त्याच वर्षी 'फूल और पत्थर'मध्ये त्या पुन्हा नटव्या रूपात. एकाच वर्षातल्या या दोन बाया पाहाव्यात, म्हणजे त्यांची ताकद कळते. उतारवयात 'खूबसूरत'मध्ये (१९८०) त्या दीना पाठक यांच्या कडक शिस्तीच्या घरातली थोरली सून झाल्या. पुढच्या पिढीने त्यांना 'सोनपरी' या मालिकेत आजी म्हणून पाहिले. 'बादशाह' (१९९९), 'मुझसे शादी करोगी' (२००४) अशा चित्रपटांतही त्या दिसल्या. लहान मोठे म्हणून काम नाकारले नाही.

एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे, कारण आमच्या त्या शेजारणीला समाजसेविका हवी होती. सिनेमाच्या धावपळीला कंटाळून, घरच्या दुःखाने पोळून, शशिकलाबाई मधली काही वर्षे कलकत्त्यास मदर तेरेसा यांच्या आश्रमात राहिल्या. तिथे रोग्यांची, निराधारांची सेवा केली. शुश्रूषा, धुणे, पुसणे, सारे काही. पडद्यावर ज्या बाईला पाहून लोक बोटे मोडत, तिने परक्यांची मळकी अंथरुणे धुतली. त्या आधी नामांकित नटी होत्या, हे तिथल्या रोग्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. विपश्यनेकडेही त्या वळल्या होत्या. मग पुन्हा मुंबई आणि पुन्हा काम.

२००७ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पहिल्या पंचवीस रुपयांनंतर बासष्ट वर्षांनी. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अठ्ठ्याऐंशी. तेव्हा महामारीची दुसरी लाट होती, आपल्याकडे रोजच कोणाची तरी वाईट बातमी येई, आणि ही बातमी त्यात बुडून गेली. वर्तमानपत्रात चार ओळी वाचल्या तेव्हा "जन्म सोलापूर" हे शब्द मी दोनदा वाचले, आणि ते कात्रण पोथीत ठेवले. या लेखासाठी तेच बाहेर काढले.

आता एक विनंती. येत्या हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाच्या खोलीत 'सुजाता' दाखवायचे ठरत आहे. पडदा म्हणून पांढरी सोलापुरी चादर चालेल, यंत्राची सोय एका भगिनीचा मुलगा करणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. चटई आपापली आणावी. बोटे मोडणाऱ्यांनीही अवश्य यावे.