पुण्यांतील एक मिरवणूक

भाषणस्वातंत्र्याचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखणी आपोआप सरकारकडे वळते. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा, १८९७ सालचा टिळकांवरील राजद्रोहाचा खटला, अशी ती परंपरा आपणांस मुखोद्गत आहे व तिचा अभिमान बाळगणें योग्यच आहे. परंतु सरकारानें दाबलेल्या तोंडांची जितकी नोंद आपण ठेविली, तितकी शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं दाबलेल्या तोंडांची ठेविली नाहीं. पेठेंतला एक गृहस्थ पेठेंतल्याच दुसऱ्यास न आवडणारें मत बोलूं देतो कीं नाहीं, हा प्रश्न कोणत्याहि कायद्याहून जुना आहे. आणि १९५० च्या घटनेंतील एकोणिसाव्या कलमानें तो सुटला असें आम्हांस वाटत नाहीं.

या दृष्टीनें १८७५ सालच्या पावसाळ्यांतील पुणें पाहण्यासारखें आहे. त्याच वर्षीं मुंबईस आर्यसमाज स्थापन करून स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले व त्यांचीं व्याख्यानें सुरू झालीं. मूर्तिपूजेस वेदांत आधार नाहीं, जन्मावरून वर्ण ठरत नाहीं, असें हा संन्यासी उघड सभेंत सांगूं लागला, तेव्हां शास्त्रीमंडळांत केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. व्याख्यानमाला संपल्यावर चाहत्यांनीं स्वामींची मिरवणूक काढण्याचें ठरविलें. प्रतिपक्षानें एक गाढव शृंगारून 'गर्दभानंदा'ची मिरवणूक काढली. रस्त्यांत चिखल मुबलक होता; तो उचलून स्वामींच्या मिरवणुकीवर फेंकण्यांत आला.

त्या मिरवणुकींत न्यायमूर्ति रानडे पायीं चालत होते. ते सरकारी न्यायखात्यांतले अधिकारी. प्रकृतीचें निमित्त सांगून घरीं बसले असते तरी कोणी दोष दिला नसता. ते चालले, आणि चिखलानें भरलेल्या कपड्यांनिशीं घरीं आले. रमाबाईंनीं आपल्या आठवणींत हा प्रसंग दिला आहे. त्यांत रागाचा मागमूसहि नाहीं. चारचौघांबरोबर चाललें म्हणजे चिखलहि चारचौघांबरोबर वांट्यास यावयाचाच, असा एकंदर भाव दिसतो.

आम्हांस याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. मिरवणुकीच्या रक्षणासाठीं जोतीराव फुले आपल्या माणसांसह आले होते. आतां स्वामींचें मत काय? वेद हे ईश्वरप्रणीत व निर्दोष. रानड्यांच्या प्रार्थनासमाजास हें मान्य नव्हतें. जोतीरावांनीं तर १८७३ त 'गुलामगिरी' लिहून ब्राह्मणी धर्मग्रंथांवर कडाडून हल्ला केला होता. म्हणजे त्या दिवशीं स्वामींच्या आजूबाजूस चालणाऱ्या या दोघां पुढाऱ्यांपैकीं एकालाहि त्यांचा मूळ सिद्धांत पटलेला नव्हता! रानडे व फुले यांचें आपसांत तरी कोठें एकमत होतें? १८८५ सालीं रानड्यांनीं ग्रंथकारसभेस बोलाविलें असतां जोतीरावांनीं खरमरीत पत्र लिहून तें निमंत्रण नाकारलें. त्या पत्रानें दहा वर्षांपूर्वींचें सोबत चालणें खोटें ठरत नाहीं.

प्रतिपक्षासहि न्याय दिला पाहिजे. गाढवाची मिरवणूक काढणें आमच्या मतें त्यांच्या अधिकाराबाहेरचें नव्हतें. चेष्टा हेंहि एक प्रकारचें भाषणच, आणि पुणेकरांच्या जिभेवर कर बसविण्याचें सामर्थ्य कोणत्या राज्यकर्त्यांत आहे? त्यांचा अधिकार संपला तो चिखलाचा गोळा हातांतून सुटला तेव्हां. पुढें 'सुधारक'कार आगरकरांची ते जिवंत असतांच प्रेतयात्रा काढण्यांत आली. ती किळसवाणी खरी, पण तिनें त्यांचें पत्र बंद पडलें नाहीं व त्यांनींहि आपलें लिहिणें सौम्य केलें नाहीं.

याच्या उलट १८९५ ची हकीकत आहे. १८८७ पासून सामाजिक परिषद राष्ट्रसभेच्या पाठोपाठ तिच्याच मांडवांत भरत असे. त्या वर्षीं राष्ट्रसभा पुण्यास होती, आणि सुधारकांस मांडव देऊं नये म्हणून मोठें वादळ उठलें. मांडव जाळण्याच्या धमक्याहि आल्या. रानड्यांनीं माघार घेतली. चिखलांतून चाललेला हाच पुरुष वीस वर्षांनीं कां वांकला, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. १८७५ त पणाला लागला होता तो त्यांचा स्वतःचा देह व लौकिक; १८९५ त पणाला लागली होती सर्व देशाची एक दहा वर्षांची कोवळी संस्था. हें समर्थन आम्हांस बव्हंशीं पटतें. तरी धमकी यशस्वी झाली हें लपत नाहीं, आणि यशस्वी झालेली धमकी गांव विसरत नाहीं. आगरकर त्याच जूनमध्यें वारले होते; ते असते तर काय लिहिते, हें सांगण्याची गरज नाहीं. परिषद निराळ्या मांडवांत भरली, आणि रानडे तेथें बोलले.