प्लुटो

मिकी माउसच्या कुत्र्याला सुरुवातीला नावच नव्हतं. १९३० च्या ‘द चेन गँग’मध्ये तुरुंगातून पळालेल्या मिकीचा माग काढणारी कुत्री आहेत, तिथून त्याची सुरुवात. त्याच वर्षी ‘द पिकनिक’मध्ये तो मिनीचा रोव्हर झाला. रोव्हर म्हणजे आपल्याकडचा मोत्या, गल्लोगल्ली सापडणारा. १९३१ च्या ‘द मूस हंट’मध्ये तो मिकीकडे आला आणि प्लुटो झाला.

दरम्यान, फेब्रुवारी १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉ यांनी नवा ग्रह शोधला होता, निदान तेव्हा तरी तो ग्रह मानला गेला. ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीनं सुचवलेलं ‘प्लुटो’ हे नाव मे महिन्यात जाहीर झालं. म्हणजे ग्रह थोरला, कुत्रा धाकटा. मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

मूळ शब्द ग्रीक. ‘प्लूटोस’ म्हणजे धन. धान्य आणि धातू जमिनीच्या पोटातून येतात, म्हणून पाताळाचा राजा ‘प्लूटोन’, धनवंत. त्याच्या दाराशी राखणीला तीन डोक्यांचा कुत्रा, सर्बेरस. डिस्नेकडे मात्र धन्याचंच नाव कुत्र्याला मिळालं, याचं मला फार अप्रूप वाटतं!

नाव देवाचं असलं तरी जीव ओतला डिस्नेचे अ‍ॅनिमेटर नॉर्मन फर्ग्युसन यांच्या पेन्सिलीनं. १९३४ च्या ‘प्लेफुल प्लुटो’मध्ये माशा पकडायचा चिकट कागद त्याला चिकटतो. इथून सोडवावा तर तिथे चिकटतो. प्लुटो थबकतो, विचार करतो, पुन्हा झटापट करतो. कार्टूनमधलं पात्र विचार करताना दिसतं, ते असं.