न्याहारी आणि ब्रेकफास्ट

अन्न तेंच असलें, तरी त्याचें नांव पालटतांच जेवणाऱ्याची पायरी पालटल्याचा भास होतो. बुलढाणा जिल्ह्यांत कपाशीच्या बांधावर सकाळीं भाकरी सोडली कीं ती न्याहारी. त्याच वेळीं साहेबाच्या बंगल्यांत मेज मांडलें कीं तो ब्रेकफास्ट! १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८७० सालीं जलंबहून खामगांवच्या कापूसबाजारास लोहमार्ग पोंचला. कचेरी आणि आगगाडी यांच्याबरोबर घड्याळाचा दिवस आला, आणि त्या दिवसाच्या खाण्याचीं नांवेंहि आलीं.

या प्रतिष्ठित शब्दांचें कूळ मात्र पाहण्यासारखें आहे. ब्रेकफास्ट म्हणजे केवळ उपास सोडणें. फ्रेंचांतून आलेल्या डिनरच्या लॅटिन मुळाचा अर्थहि तोच. शेगांवचा वारकरी एकादशी करून द्वादशीस पारणें फेडतो, तेव्हां मूळ अर्थानें तो ब्रेकफास्टच करीत असतो.

डिनर हें पूर्वीं इंग्लंडांत दुपारचें मुख्य जेवण होतें. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत वरिष्ठ वर्गांत तें लांबत लांबत रात्रीवर गेलें, आणि मधली पोकळी लंचनें भरली. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांत लंच म्हणजे हातांत मावेल इतकेंच खाणें! उत्तर इंग्लंडांतील कित्येक कष्टकरी कुटुंबांत दुपारच्या जेवणास अद्यापहि डिनरच म्हणतात. तेव्हां जेवणाच्या नांवावरून माणसाचा वर्ग ओळखण्याची खोड खुद्द इंग्रजांच्याहि घरचीच आहे.

टिफिनची कथा याहून निराळी. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत हें हिंदुस्थानांतील इंग्रजांचें दुपारचें हलकें खाणें आहे. आपल्याकडे तो शब्द खाण्यावरून उतरून डब्याला चिकटला. यांत नवल नाहीं. आपला फराळ मूळचा फलाहार, उपासाचा. दिवाळींत तोच चकली-चिवड्यास शोभतो.

सारांश, शब्द येतात, अर्थ पालटतात. परशब्द घेण्यांत भाषेचें नुकसान नाहीं. नुकसान आहे तें न्याहारी हा शब्द गांवढळ म्हणून सुशिक्षित घरांतून हद्दपार करण्यांत. त्या शब्दांत शेतकऱ्याची अर्धी सकाळ आणि घरून भाकरी घेऊन येणाऱ्या बाईची पायपीट सांठवलेली आहे. ब्रेकफास्टला खुशाल पाट मांडावा. पण त्यासाठीं न्याहारीला पंक्तींतून उठवूं नये.