चार बोल्टांवरचं इंजिन

फोक्सवॅगन बीटलचं इंजिन चार बोल्टांवर गिअरबॉक्सला लटकलेलं असतं. गाडीची मागची बाजू जॅकवर घ्यायची, पेट्रोलची नळी, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, हीटरच्या केबली आणि थोड्या वायरी सोडवायच्या, बोल्ट काढायचे, इंजिन मागं ओढून खाली उतरवायचं. वजन शंभर किलोच्या आसपास. दोन माणसं ते सहज हलवतात, आणि हात बसलेला एकटा मेकॅनिकही ते जमिनीवर आणू शकतो. जुन्या बीटल अंगणात उभ्या करून सुटीच्या दिवशी त्या पुन्हा घडवण्याचा छंद जगभर पसरला, त्याचं मोठं कारण ही सोय. छंदाचा उगम गाडीवरच्या प्रेमात शोधायची रीत आहे, पण प्रेम बरंच नंतरचं. आधी होती पैशाची ओढाताण.

गाडीचं कूळ मात्र चांगलंच भांडणाचं आहे. चेकोस्लोव्हाकियात टाट्रा कंपनीच्या हान्स लेडविंका यांनी १९२३ मध्येच हवेवर थंड होणारं छोटं इंजिन लोकांच्या गाडीत बसवलं होतं. जर्मनीत योझेफ गान्त्स हा ज्यू इंजिनिअर आणि संपादक स्वस्त, मागं इंजिन असलेल्या गाडीचा आग्रह धरून लिहीत होता. नाझी सत्तेवर आले आणि त्याला देश सोडावा लागला. फर्डिनांड पोर्शे यांना १९३४ मध्ये लोकांच्या गाडीचं काम मिळालं, तेव्हा मागण्या ठरलेल्या होत्या: चार-पाच माणसं, ताशी १०० किलोमीटर वेग, किंमत हजार मार्कांच्या आत आणि इंजिन हवेवर थंड होणारं. ही शेवटची अट लहर नव्हती. सामान्य जर्मन माणसाकडे गाडीसाठी बंदिस्त जागा नव्हती, आणि रस्त्यावर उभ्या गाडीतलं पाणी थंडीत गोठलं तर इंजिन तडकतं. पाणीच नसेल तर गोठणार काय? पोर्शेच्या कार्यालयातल्या फ्रान्झ झेव्हर राइमश्पीस यांनी त्यावर आडवं, चार सिलिंडरांचं इंजिन काढून दिलं. या रचनेवरून टाट्राशी आधीपासून चाललेला वाद युद्धानंतर पुन्हा उभा राहिला आणि १९६०च्या दशकात फोक्सवॅगननं पैसे मोजून तो मिटवला. बापांची यादी लांबली, पण कुणाचा दावा पूर्ण खोटा असं म्हणता येत नाही.

आठवड्याला पाच मार्कांची तिकिटं चिकटवत तीन लाखांवर जर्मनांनी बचत योजनेत गाडीसाठी पैसे साठवले. त्या योजनेतून त्यांतल्या एकालाही गाडी मिळाली नाही. या गाडीसाठी उभारलेला कारखाना युद्धात लष्करी गाड्यांकडे वळला, आणि तिथं राबले ते मोठ्या प्रमाणावर वेठीला धरलेले परदेशी लोक आणि छळछावणीतले कैदी. हसऱ्या चेहऱ्याच्या या गाडीचं बालपण असं आहे. गाडीवर जीव टाकणारे ते पान झटकन उलटतात, याचा मला राग येतो.

१९४५च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सैन्यातला मेजर आयव्हन हर्स्ट बॉम्बनं मोडलेल्या त्या कारखान्यात आला. सैन्याला वाहनं हवी होती. त्यानं गाडी वरिष्ठांना दाखवली आणि २०,००० गाड्यांची मागणी मिळवली. वर्षाअखेरीस १,७८५ गाड्या बनल्या, मिळेल त्या मालातून. गाड्यांच्या दर्जाची तपासणी आणि विक्रीनंतरची सेवा त्याच्याच काळात सुरू झाली. १९४८ मध्ये आलेल्या हाइन्रिश नॉर्डहॉफ यांनी तोच धागा पुढं ओढला: आधी सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय, मग विक्री.

इंजिनाच्या आत मात्र थोडं रेंगाळायला हवं. जुन्या चेतक स्कूटरचं बाजूचं झाकण कधी उघडलं असेल त्याला हे ओळखीचं वाटेल: पंखा, त्याच्याभोवती पत्र्याचं आवरण, आणि त्यातून सिलिंडरच्या फिनांवर सोडलेली हवा. बीटलमध्ये हा पंखा डायनमोच्याच दांड्यावर बसवलेला असतो आणि दोघांना मिळून एकच पट्टा. त्यामुळं पट्टा तुटला की डायनमो बंद पडतो, चार्जिंगचा लाल दिवा लागतो, आणि इंजिनाला वारा मिळणं थांबल्याचंही तोच दिवा सांगतो. तापमान दाखवणारा काटा या गाडीला नव्हताच. लाल दिवा लागल्यावर जो ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणाला, त्याचं इंजिन गेलं.

दुसरं दुखणं तिसऱ्या सिलिंडरचं. तेल थंड करणारा कूलर पंख्याच्या आवरणात या सिलिंडरच्या हवेच्याच वाटेत उभा होता, त्यामुळं त्याच्या वाट्याला हवा कमी आणि गरम. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटायचा तो बहुधा तिथलाच. कंपनीनं त्या सिलिंडरची ठिणगी किंचित उशिरा पडेल अशी सोय केली. कूलर वाटेतून हलवला तो १९७१च्या मॉडेलपासून. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेची रबरी पट्टी ही आणखी एक गोष्ट. खालची तापलेली हवा वर येऊन पंख्यात पुन्हा ओढली जाऊ नये म्हणून ती असते. घाईतल्या मेकॅनिकांना ही अडगळ वाटे, आणि ते ती काढून टाकत. जाणकार जुनी बीटल विकत घेताना रंगाआधी हे पत्रे जागेवर आहेत का ते पाहतात.

छंदाची पहिली पेठ याच तापण्यावर उभी राहिली. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड इथं जो विटोन हा फोक्सवॅगनचा विक्रेता होता. हेडमधले व्हॉल्व्ह गाइड झिजले की अख्खं हेड बदला, असा कंपनीचा शिरस्ता. विटोननं नुसते गाइड बदलण्याची सोय काढली आणि १९५०च्या दशकातच त्यातून एम्पी ही सुट्या भागांची कंपनी उभी केली. मग वेग वाढवणारे भाग आले, शर्यती आल्या, ब्रूस मेयर्सची फायबरग्लासची डून बगी आली. तीही शक्य झाली ती बीटलची बॉडी बोल्टांनी चॅसीवर बसवलेली होती म्हणून. वरचं उचलून बाजूला ठेवलं की खाली चालती गाडी उरते.

१९६८च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला चार लाखांच्या आसपास बीटल विकल्या जात होत्या. विद्यार्थी आणि हिप्पी यांच्या हाती त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकीच्या, स्वस्तात मिळालेल्या यायच्या, आणि गॅरेजचं बिल त्यांना परवडत नसे. विमानं बनवणाऱ्या लॉकहीडमधली नोकरी सोडून न्यू मेक्सिकोत गेलेल्या जॉन म्यूरनं १९६९ मध्ये त्यांच्यासाठी स्वतःच एक पुस्तक छापलं: ‘हाउ टू कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह’. पीटर ॲशवॅन्डनची चित्रं, आणि गाडीखाली पडल्यापडल्या उघडं ठेवता येईल अशी तारेची बांधणी. पाना कधी हातात न धरलेल्या माणसाशी ते गप्पा मारत बोलतं: टॅपेट असे सेट कर, मग तसं, आता थांब, चहा पी अशा सुरात, आणि शेवटी त्याच्याकडून आख्खं इंजिन खोलून घेतं. तांत्रिक पुस्तक असं लिहिलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. त्याच्या लाखो प्रती खपल्या.

आता गंमत अशी की या दुरुस्त करणाऱ्यांनी पुढच्या जीर्णोद्धार करणाऱ्यांची पुरती पंचाईत करून ठेवली. सत्तरीतलं इंजिन पन्नाशीतल्या गाडीला बसतं, मग कोण थांबतो? १९५६ची बीटल सापडते ती १९७२च्या इंजिनासह, सहा व्होल्टची जागा बारा व्होल्टनं घेतलेली, आणि दारामागच्या खांबातून बाहेर डोकावणारा सिग्नल केव्हाच लांबी भरून बुजवलेला. या फेरबदलांनीच ती जगली. हौशी माणूस वर्षानुवर्षं राबतो तो एक-एक उपकार परत काढून टाकायला. फोक्सवॅगनचं वोल्फ्सबर्गमधलं संग्रहालय जुन्या नोंदींवरून गाडीचा जन्मदाखला देतं: कारखान्यातून निघाल्याची तारीख, मूळ रंग, पाठवल्याचं ठिकाण. दाखल्यात फिकट हिरवा लिहिलेला असतो आणि मालकानं तोवर लाल रंगासाठी पैसे दिलेले असतात.

खरं काम मात्र पत्र्याचं. बीटलचा हीटर इंजिनाकडची गरम हवा दाराखालच्या पोकळ पट्ट्यांतून पुढं नेतो, आणि बॉडीचा खालचा आधारही त्याच पट्ट्या. त्या आतून गंजतात. नवशिका बॉडी उचलतो, गंजलेली पट्टी कापतो, नवी वेल्ड करतो, आणि मग दार लागत नाही, कारण आधार गेल्यावर दाराची चौकट वाकलेली असते. म्हणून आधी चौकटीत आडवे दांडे वेल्ड करायचे, बॉडी चॅसीवर बोल्टांनी घट्ट ठेवायची आणि एका वेळी एकाच बाजूची पट्टी बदलायची. इथं म्यूरचं पुस्तक फारसं उपयोगी पडत नाही. ते गाडी चालू ठेवण्यासाठी लिहिलेलं आहे, मूळ रूपात आणण्यासाठी नाही.

शेवटची बीटल मेक्सिकोतल्या पुएब्ला इथं ३० जुलै २००३ला बनली, एकूण आकडा २ कोटी १५ लाखांच्या पुढं गेला होता. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उघडला तो २००९ मध्ये, तेव्हा ही कंपनी पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनांकडे कधीच वळलेली होती. मेक्सिको सिटीच्या कुआउटेपेक या चढावरच्या वस्तीत मात्र बीटल अजून टॅक्सी म्हणून धावतात. तिथं जन्मदाखला कुणी मागत नाही. इंजिन खाली उतरतं ते गाडी संध्याकाळपर्यंत धंद्याला लागावी म्हणून.