चमच्यातले दहा गुंठे

नारळाच्या करवंटीपासून केलेला ॲक्टिव्हेटेड कार्बन एक ग्रॅम तोलून घ्या. अर्धा चमचासुद्धा भरत नाही. प्रयोगशाळेचा रिपोर्ट मात्र त्याचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटर सांगतो, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे! विद्यार्थी आधी थक्क होतात आणि मग लगेच तो आकडा प्रबंधात उतरवून मोकळे होतात. या दोन्हींच्या मध्ये थोडे थांबावे, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

ही मोजणी होते तरी कशी? नमुना काचेच्या नळीत घालून तापवायचा, आतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायची, मग नळी लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला, बुडवायची. आता नायट्रोजन वायूचा एक लहानसा घोट आत सोडायचा, दाब स्थिरावू द्यायचा, पुन्हा एक घोट. यंत्राला कळते ते इतकेच, की वायू किती दिला आणि मोकळा किती उरला. जो हिशेबातून गेला तो कोळशाच्या भिंतींना चिकटला असे आपण धरतो. छिद्र यंत्राला दिसत नाही. त्याची रुंदी, आकार, क्षेत्रफळ, सगळे आपण दाब आणि चिकटलेला वायू यांच्या वक्ररेषेवरून ताडलेले असते.

जाता जाता एक गंमत. लिक्विड नायट्रोजन ज्या दुहेरी भिंतीच्या भांड्यात ठेवतात ते जेम्स ड्यूवार यांनी १८९२ मध्ये बनवले. पुढे याच ड्यूवारनी करवंटीचा कोळसा अतिथंड करून त्याच्याकडून भांड्यातली उरलीसुरली हवा टिपून घेतली आणि उत्तम निर्वात मिळवला. भांडे आणि कोळसा यांची ओळख जुनीच आहे.

क्षेत्रफळ काढायची नेहमीची रीत ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांची, १९३८ सालची. तिलाच आपण बीईटी म्हणतो. भिंतीवर रेणूंचा पहिला थर बसतो, त्यावर दुसरा, तिसरा. पहिल्या थरात किती रेणू मावले ते काढायचे आणि प्रत्येकाला ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा द्यायची. मोकळ्या पृष्ठभागाला हे शोभते. पण करवंटीच्या कार्बनमधली बहुतेक छिद्रे दोन नॅनोमीटरहून अरुंद. ०.७ नॅनोमीटरच्या फटीत नायट्रोजनचे दोन रेणू जेमतेम शेजारी बसतात. तिथे थरावर थर कुठून येणार? तिथे भिंत सारवली जात नाही, खोलीच भरते. दुबिनिन यांनी म्हणूनच क्षेत्रफळाऐवजी आकारमानाची भाषा धरली, आणि माझा कल त्यांच्याकडे आहे. ग्राफीनचा एकेरी थर दोन्ही बाजूंनी मोजला तरी ग्रॅमला सुमारे २६३० चौरस मीटर भरतो. कडांची थोडी सूट दिली तरी साडेतीन हजारांचा रिपोर्ट म्हणजे गावाच्या शिवारापेक्षा मोठा सातबारा.

वायूची निवडही साधी नाही. नायट्रोजनचा रेणू भिंतीवरच्या ऑक्सिजनयुक्त गटांना जास्तच लळा लावतो. म्हणून आययूपीएसीच्या २०१५ च्या अहवालाने सूक्ष्म छिद्रांसाठी ८७ केल्व्हिनला आरगॉन वापरण्याचा सल्ला दिला. अगदी चिंचोळ्या फटींत नायट्रोजन त्या थंडीत इतका मंद सरकतो, की दाब स्थिरावायची वाट पाहता रात्र सरते. शून्य अंशाला कार्बन डायऑक्साइड तिथे सहज शिरतो.

हे सगळे पुढे सविस्तर येईलच. पण माझी पहिली मोजणी या कशानेच फसली नव्हती. पावसाळ्याचे दिवस होते, मी नमुन्याचे वजन तापवण्याआधी घेतले आणि कोळशाबरोबर ओलही तोलली. दहाचे नऊ गुंठे झाले. मी दोन दिवस समीकरणे तपासत बसलो. मार्गदर्शकांनी आलेख पाहिलाही नाही, एवढेच विचारले, "वजन कधी घेतलेस?"

म्हणून पहिले प्रकरण डीगॅसिंगचे, म्हणजे नमुना तापवून आतली हवा आणि ओल काढण्याचे आहे, आणि तेच सर्वांत लांब आहे.