‘घरातला मामला’ किती जुना?

नवऱ्याने बायकोवर हात उगारणे ही आपली जुनी रीत आहे, असे म्हणणारे त्या रीतीला झालेला विरोध विसरतात. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी सासुरवासाचे दुःख गायले. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहून पुरुषी न्यायालाच जाब विचारला, आणि जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कायद्याला मात्र नवऱ्याच्या क्रूरतेसाठी ४९८-अ हे स्वतंत्र कलम आणायला १९८३ उजाडले. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५चा.

यावर आक्षेप असा, की बायकांनाच मार रास्त वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये ५२ टक्के स्त्रियांनी एखाद्या तरी कारणासाठी तो योग्य मानला. २०१९-२१ मध्ये ४५ टक्क्यांनी. माहेरचे दार बंद असले की सोसण्यालाच संस्कार म्हटले जाते. पण हा आकडा घटतो आहे, म्हणजे ही समजूत शिकवलेली आहे. आणि शिकवलेले पुसता येते.