बँक मित्र
बँकेच्या वतीने गावोगाव रोखीचे व्यवहार करणारा प्रतिनिधी. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बँकांना असे प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. २०१४ च्या जनधन योजनेनंतर त्यांचे जाळे पसरले. ग्राहक आधार क्रमांक सांगून यंत्रावर बोट टेकवतो. ओळख पटली की खात्यातून रक्कम वळती होते आणि बँक मित्र स्वतःच्या गल्ल्यातून नोटा मोजून देतो. मोबदला म्हणजे व्यवहारागणिक कमिशन, तेही तुटपुंजे. राबून रेषा झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही. मग बोट पुसून, दुसरे बोट लावून पाहतात. शाखेपर्यंतची एस.टी.ची खेप वाचते खरी, पण गल्ला रिकामा असेल तर यंत्राचा काही उपयोग नाही.